वावडी, वारा आणि पाणी

‘वावडी’ हा शब्द आता आपल्या बोलण्यात अफवेपुरताच उरला आहे. अमक्याने वावडी उठवली, तमक्याने वावड्या उडवल्या, असे आपण म्हणतो. परंतु वावडी म्हणजे मुळात पतंग. वाऱ्याच्या आधारावाचून जी वर जात नाही आणि दोरी तुटताच कुठेही जाऊन पडते, त्या वस्तूचे नाव अफवेला मिळावे यात आपल्या भाषेची मार्मिकता दिसते. असो. प्रस्तुत लेखाचा विषय अफवा नव्हे, खरीखुरी वावडी आहे. मात्र ती कमरेला जोडून माणूस पाण्यावरून धावतो, अशी वावडी. या खेळाला इंग्रजीत काइटसर्फिंग म्हणतात, आणि मराठीत त्याला अद्याप नाव नाही. मी या लेखात त्याला ‘जलपतंग’ म्हणणार आहे. हे नाव कोणाला रुचले नाही तर दुसरे सुचवावे.

२०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला. शर्यती पॅरिसला नव्हे, तर भूमध्य समुद्राकाठी मार्सेयला झाल्या. पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोन्टस आणि स्त्रियांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज यांनी सुवर्णपदके मिळवली. ऑस्ट्रियाला समुद्रकिनाराच नाही, ही गोष्ट भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी! त्या दिवसांत आमच्या वर्गातील मुले मोबाइलवर त्या शर्यती पाहत होती आणि बाहेर आपल्या मुळशीत धुवाधार पाऊस व सोसाट्याचा वारा चालू होता. तेव्हा ‘आपल्याकडे एवढे धरणाचे पाणी आहे, एवढा वारा आहे, मग हे इथे का होऊ नये?’ हा प्रश्न त्यांना पडला, यात नवल नाही. प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर मात्र एका ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये देता येत नाही.

पतंगाच्या ओढीचा उपयोग वाहन म्हणून करावा ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट १८२६ साली घेतले. सॅम्युएल कोडी याने १९०३ साली पतंगांनी ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी पार केली. पण या दोन्ही खटपटींत एक अडचण कायम राहिली. पतंग पाण्यात पडला की संपला! कापड भिजते, काठी मोडते आणि भिजलेला पतंग पाण्यातून पुन्हा उठत नाही. ही अडचण फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातल्या ब्रुनो व डोमिनिक लेगेन्यू या दोन भावांनी सोडवली. पतंगाच्या पुढच्या कडेला त्यांनी काठीऐवजी हवा भरलेली नळी बसवली. सायकलच्या ट्यूबसारखी ही नळी पाण्यावर तरंगते, पतंगाला कमानीचा आकार देते आणि दोरी ओढताच पतंग पुन्हा हवेत उठतो. त्यांनी १९८४ साली पेटंट घेतले; तरी त्यांच्या पतंगाला गिऱ्हाईक मिळायला १९९७ साल उजाडले. मध्यंतरीची तेरा वर्षे बहुतेकांना हे वेड वाटत होते. एखाद्या शोधाचा इतिहास वाचताना पेटंटची तारीख आपण लिहून घेतो, पण मधल्या तेरा वर्षांत त्या घरांतील चूल कशी पेटत होती हे कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

आता या पतंगाची रचना पाहू. संक्रांतीच्या पतंगाला आपण कणी बांधतो, तिला एकच मांजा जोडतो आणि आसारी दुसऱ्याच्या हातात देतो. जलपतंगाला चार दोऱ्या असतात आणि प्रत्येक साधारण वीस ते पंचवीस मीटर लांब असते. मधल्या दोन दोऱ्या पतंगाच्या पुढच्या कडेला जातात आणि खाली कमरेच्या पट्ट्यातील आकड्याला अडकतात. सगळा भार या दोन दोऱ्यांवर. बैल गाडी मानेने ओढत नाही, खांद्यावरच्या जुवाने ओढतो. तसाच इथे भार हातांवर नसून कमरेवर असतो. बाहेरच्या दोन दोऱ्या पतंगाच्या मागच्या टोकांना जोडलेल्या असतात व त्या हातातल्या आडव्या दांडीच्या दोन टोकांशी येतात. डावे टोक ओढले की पतंग डावीकडे वळतो, उजवे ओढले की उजवीकडे. दांडी आपल्याकडे ओढली की ओढ वाढते, दूर लोटली की कमी होते. आपण ‘ढील’ देतो तेव्हा मांजा लांब होतो; येथे दोरीची लांबी बदलत नाही, पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन बदलतो.

हा कोन म्हणजे काय, हे मुळशीच्या बायकांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. भातलावणीच्या दिवसांत पाठीवर इरले घेऊन बांधावरून चालणारी बाई पाहा. वारा समोरून आला की ती वाकते आणि इरल्याची कड वाऱ्याला सरळ धरते. मग वारा वरून निघून जातो. तिने जरा मान वर केली आणि इरल्याच्या पोटात वारा शिरला, की इरले तिला मागे ओढते. इरले तेच, वारा तोच. फरक केवळ कोनाचा. आता इरल्याच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आहे आणि तो नुसता फडफडतो, त्यामुळे हे ज्ञानही पुढच्या पिढीत राहील की नाही कोण जाणे.

याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे वाऱ्याचा वेग आणि त्याची ओढ यांचे नाते. वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. हे एक वाक्य ज्याला उमगले नाही त्याने वाऱ्याशी खेळू नये, असे मी वर्गात सांगते. उदाहरण घेऊ. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी ताडपत्री सरळ वाऱ्यासमोर धरली आणि वारा ताशी ३६ किलोमीटरचा असला, तर तिच्यावर निदान पन्नास किलो वजनाइतका जोर येतो. दोन धडधाकट मुले ती कशीबशी आवरू शकतील. तोच वारा एका झोतात ताशी ७२ किलोमीटर झाला की जोर दोनशे किलोंवर जातो. मग ताडपत्री कोणी धरलेली नसते, ताडपत्रीने धरणाऱ्यांना नेलेले असते.

तिसरी गोष्ट जरा चमत्कारिक वाटेल. पतंग आकाशात एका जागी स्थिर असताना जेवढा ओढतो, त्याच्या कितीतरी पट तो सरकत असताना ओढतो; कारण त्याला लागणारा वारा हा खऱ्या वाऱ्यात त्याच्या स्वतःच्या वेगाची भर पडून झालेला असतो. दुचाकीवरून जाताना वारा नसलेल्या दिवशीही तोंडावर वारा लागतो, तसेच हे. म्हणून जलपतंगी आपला पतंग आठच्या आकड्यासारखा वरखाली फिरवतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलो, तर आपल्यासमोर आकाशाचा जो पाव गोल दिसतो, तेवढ्यातच पतंग उडू शकतो. डोक्यावरच्या बिंदूला बारा वाजले म्हणतात, डाव्या कडेला नऊ आणि उजव्या कडेला तीन. या कडांवर पतंग शांत असतो. मधोमध, वारा जिकडे चालला आहे त्या दिशेला खाली, त्याची ओढ सर्वांत भयंकर. शिकणाऱ्याचे पहिले सारे धडे म्हणजे पतंग कडेकडेने ठेवण्याचे धडे होत.

मग माणूस वाऱ्याच्या दिशेने वाहत न जाता आडवा, एवढेच नव्हे तर थोडा वाऱ्याच्या उलटही कसा जातो? ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो बोटांच्या दिशेने न जाता तिसरीकडेच निसटतो. इथे एक बोट म्हणजे पतंगाची ओढ आणि दुसरे बोट म्हणजे पायाखालच्या फळीच्या धारेला पाण्याचा होणारा विरोध. या दोहोंच्या चिमटीतून माणूस पुढे निसटतो. शिडाच्या होडीचेही तत्त्व हेच आहे. ऑलिंपिकमधील खेळाडूंच्या फळीखाली पाण्यात बुडालेला एक पंखही असतो. वेग आला की फळी पाणी सोडून वर उचलली जाते, म्हणून ते ताशी साठ किलोमीटरच्याही वर जातात.

येथवरचे सारे पुस्तकात वाचून लिहिता आले असते. पण २०२४ च्या ऑक्टोबरात मला हा खेळ थोडा शिकण्याची संधी मिळाली. माझी धाकटी बहीण नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला असते. तिच्याकडे गेले असता तिच्या यजमानांनी मला ब्राउवर्सडॅम नावाच्या धरणावर नेले. भूगोलाच्या प्राध्यापिकेला धरण दाखवावे एवढाच त्यांचा हेतू होता. तिथे पाहते तो आकाशात शेदोनशे पतंग!

हे धरण नदी अडवून वीज करण्यासाठी बांधलेले नाही. १९५३ च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्राला उधाण येऊन नेदरलँड्समध्ये १८३६ माणसे बुडाली. त्यानंतर समुद्राला बाहेर ठेवण्यासाठी जी बांधांची मोठी योजना आखली गेली, तिच्यातील हा एक बांध; तो १९७१ साली पुरा झाला. बांधाच्या एका बाजूला खवळलेला उत्तर समुद्र आणि दुसऱ्या बाजूला ग्रेव्हेलिंगेन हे शांत खारे सरोवर. वारा दोन्हीकडे तोच, कारण आजूबाजूला एक टेकडी नाही. सरोवराच्या काठाला दूरवर कमरेइतकेच पाणी आणि तळाला वाळू. नवशिक्यांसाठी याहून चांगली जागा मिळणे कठीण.

मला त्या बांधावर उभे राहून मुळशीची आठवण होणे अपरिहार्य होते. माझ्या आजोळची जमीन आपल्या धरणाच्या पाण्याखाली आहे. टाटांच्या वीजयोजनेसाठी मुळशी पेट्यातील गावे उठू लागली तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि याच लढ्यातून त्यांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले. धरण झालेच. १९२७ पासून इथले पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्याला उतरते व वीज करून कोकणात जाते. डच लोकांच्याही एका बांधाला १९७० च्या दशकात कोळ्यांनी व निसर्गप्रेमींनी विरोध केला. तेव्हा सरकारने आराखडा बदलला आणि पक्क्या बांधाऐवजी उघडझाप करणारे दरवाजे बसवले. ते काम १९८६ साली पुरे झाले. दोन देश, दोन काळ. तुलना फार ताणू नये. पण एक परिणाम मी घरात पाहिला आहे. ज्या पाण्याने शेत नेले त्या पाण्यात हौसेने उतरायचे असते, ही कल्पनाच आमच्या आजीला मान्य नव्हती. काठावर राहून आमच्याकडच्या मुली पोहायला शिकल्या नाहीत, त्याचे कारण केवळ लाजलज्जा नव्हे.

मी स्वतः पुण्याला शिकत असताना तलावात पोहायला शिकले होते, म्हणून मला तिथे प्रवेश मिळाला. पोहता येते का, हा त्यांचा पहिला प्रश्न. माझी शिक्षिका चोवीस-पंचवीस वर्षांची, माझ्या विद्यार्थिनीसारखी. तिने पहिले तीन तास मला पाण्याच्या जवळपासही फिरकू दिले नाही. वाळूवर उभे करून हातात जेमतेम दोन चौरस मीटरचा छोटा पतंग दिला. तो बाराला ठेव, दहाला आण, परत बाराला ने, दोनला आण, असे शंभर वेळा. नंतर म्हणाली, आता डोळे मिटून कर. पतंगाकडे पाहत राहिले तर चालताना, पाण्यात, समोरून येणाऱ्या माणसाकडे कोण पाहणार? म्हणून पतंग हातांना कळला पाहिजे, डोळ्यांना नव्हे. तंबोरा लावणाऱ्याला तार कानाने कळते, तसे हे काम आहे. शिकवण्याची ही रीत मला फार आवडली. आपल्याकडे पहिल्याच दिवशी पाण्यात ढकलून शिकवण्याची जी परंपरा आहे तिचे गोडवे मी कधीच गाऊ शकत नाही.

त्यानंतरचा धडा सुटण्याचा. दांडी सोडून द्यायची, म्हणजे ओढ कमी होते. तरी भागले नाही तर पट्ट्यावरची लाल कळ पुढे ढकलायची. मग पतंग एकाच दोरीवर लुळा होऊन पडतो. त्यानेही भागले नाही तर ती शेवटची दोरीही सोडायची आणि पतंग जाऊ द्यायचा. या तीन पायऱ्या तिने मला डोळे मिटून, उताणे पडून, हातमोजे घालून, सगळ्या तऱ्हांनी करायला लावल्या. पतंग हजारो रुपयांचा असतो, तो सोडून देण्याची हाताला सवय नसते. माणसाचा हात घट्ट धरायला शिकलेला आहे. भीती वाटली की तो अधिकच घट्ट धरतो. या खेळाचा निम्मा अभ्यास म्हणजे भीती वाटली की हात उघडण्याचा अभ्यास.

दुसऱ्या दिवशी पाणी. आणि पाण्याआधी थंडी! ऑक्टोबरात तिथले पाणी पंधरा अंशांच्या आसपास असते आणि वारा अंगात सुयांसारखा शिरतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट लवकर शरीराची उष्णता नेते. म्हणून निओप्रीन नावाच्या फुगीर रबराचा पाच मिलिमीटर जाडीचा अंगाबरोबर पोशाख घालावा लागतो. त्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे असतात. आपली घोंगडी तिच्या लोकरीत अडकलेल्या हवेमुळे ऊब देते, तेच तत्त्व. हा पोशाख अंगात चढवणे हे स्वतंत्र दिव्य आहे. बहिणीने मागून ओढले तेव्हा कुठे तो चढला, आणि आम्हा दोघींना हसू आवरेना.

गार पाण्यात शिरताच पहिल्या मिनिटात श्वास आपोआप धपापतो. तेव्हा काहीही न करता फक्त श्वासावर ताबा आणायचा, हा तिथला नियम. पुढचा धोका हळू येतो. मातीचा माठ ज्या कारणाने पाणी गार करतो, त्याच कारणाने ओल्या अंगावरचा वारा माणसाला गार करतो. म्हणजे पाण्यातून वर येऊन वाऱ्यात उभे राहणाराही गारठत जातो. शिक्षिका दर थोड्या वेळाने मला अंगठा करंगळीला टेकवायला सांगे. तो टेकला नाही की बाहेर. बोटे चालेनाशी झाली की लाल कळ दाबता येत नाही, आणि कळ दाबता न येणारा माणूस पतंगाला बांधलेला कैदी असतो. चाळीस मिनिटे पाण्यात, मग गाडीच्या आडोशाला उभे राहून गरम चहा, पुन्हा चाळीस मिनिटे. थंड देशातले लोक थंडीला शूरपणे तोंड देतात असे आपल्याला वाटते. मला दिसले ते असे, की ते तिला घड्याळ लावून वागवतात.

थंडीचा एक लाभही आहे. थंड हवा जड असते. दहा अंश तापमानाची समुद्रसपाटीवरील हवा आणि सहाशे मीटर उंचीवरील मुळशीची पंचवीस अंशांची हवा यांची तुलना केली, तर तिकडची हवा बारा-तेरा टक्क्यांनी जड भरते. म्हणजे तोच वाऱ्याचा वेग तिकडे अधिक ओढतो. तिथले लोक म्हणतात, हिवाळ्याचा वारा ‘भरीव’ असतो. ते कवित्व नव्हे, पदार्थविज्ञान आहे.

पाण्यात प्रथम फळी देत नाहीत. पालथे पडायचे आणि पतंगाने ओढत न्यायचे. एक हात पुढे सुकाणूसारखा पसरला की वाऱ्याच्या थोडे उलटही जाता येते. फळी पायातून निसटून गेली तर ती परत मिळवण्याचा तोच मार्ग. नाकातोंडात खारे पाणी जाते. तिसऱ्या दिवशी फळी. पाण्यात बसायचे, पाय फळीच्या पट्ट्यांत घालायचे, पतंग बारावरून दोनकडे झेपावू द्यायचा आणि त्याने उठवले की उठायचे. आपण उठायचे नाही, त्याने उठवायचे! हे समजायला मला सारा दिवस लागला. चौथ्या दिवशी दुपारी मी पन्नासेक मीटर गेले. तेवढ्या वेळात एक विलक्षण गोष्ट घडली. वाऱ्याचा कानातला घोंगाव एकाएकी निराळा झाला, फळीखालून पाणी फाटल्यासारखा सरसर आवाज येऊ लागला आणि चार दिवस जो पतंग माझ्याशी झगडत होता तो जणू माझ्याच कमरेचा एक अवयव झाला. मग मी पडले. बहीण काठावरून टाळ्या वाजवत होती आणि वयाच्या मानाने मी फारच मोठ्याने ओरडत होते, असे ती अजून सांगते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परत आल्यावर जून महिन्यात आमच्या द्वितीय वर्षाचे दोन विद्यार्थी मला भेटायला आले. ‘मॅडम, आमची तयारी झाली आहे,’ म्हणाले. तयारी म्हणजे पॉलिहाउसवरून उतरवलेला प्लॅस्टिकचा मोठा तुकडा, बांबूच्या कामट्या, नायलॉनची दोरी आणि ट्रकच्या ट्यूबवर बांधलेली फळी. पावसाळ्यात जलाशयाच्या एका फाट्यावर ते हा प्रयोग करणार होते. त्यांची कल्पकता पाहून मला कौतुक वाटले आणि पोटात गोळाही आला. दोन तास मी त्यांना फळ्यापाशी बसवले.

आपल्याकडे वारा आहे, हे खरेच. नैर्ऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून येतो तेव्हा त्याला मध्ये अडथळा नसतो. पहिला अडथळा सह्याद्री. वारा कड्यावर चढतो, पाऊस टाकतो. ताम्हिणीला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडलेली वर्षे आहेत. मग तो पठारावर उतरतो. आपला जलाशय या कड्याच्या पूर्वेला, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाच्या अंगाला आहे. ओढ्यातील मोठ्या दगडाच्या मागे पाणी कसे वागते ते आठवा. ते सरळ वाहत नाही, भोवरे करते, थांबते, मागे फिरते, एकदम उसळते. डोंगरामागचा वारा तसाच असतो. एका क्षणी झाडाचे पान हलत नाही, दुसऱ्या क्षणी कौले उडतात. सरोवरावरचा डच वारा म्हणजे रहदारी नसलेला सरळ रस्ता. आपला वारा म्हणजे घाटरस्ता. त्यात जलाशय एकसंध नाही. दऱ्यादऱ्यांत त्याचे फाटे गेले आहेत आणि प्रत्येक फाट्यात वारा आपापली दिशा धरतो. झोतात वेग दुप्पट, म्हणजे ओढ चौपट, हे वर सांगितलेच आहे.

दुसरे, काठ. पतंग चढवायला आणि उतरवायला वाऱ्याच्या बाजूला मोकळी सपाट जागा हवी. आपल्याकडे काठाला निसरडा चिखल, लगेच खोल पाणी, वर झाडे आणि विजेच्या तारा. पाणी ओसरले की जुन्या गावांच्या खुणा उघड्या पडतात. भरल्या पाण्यात त्याच खुणा फूटभर खाली दबा धरून असतात. काठाकडून पाण्याकडे वाहणारा वारा तर सर्वांत फसवा. काठावर तो मंद वाटतो, आत गेल्यावर वाढतो आणि परत येऊ देत नाही. ब्राउवर्सडॅमला अशा वाऱ्याच्या दिवशी शिकवणेच बंद ठेवतात. आणि तिथे आणायला होडी असते, हे विसरू नये.

तिसरे, दोरी. त्यांची नायलॉनची दोरी ताणली जाणारी होती आणि एक जण ती मनगटाला गुंडाळणार होता. गुंडाळलेली दोरी सुटत नाही. वाऱ्याने जोर धरला की ती मांस कापते, बोटे नेते. नायलॉनच्या मांज्याने पाखरांचे आणि दुचाकीस्वारांच्या गळ्यांचे काय केले ते पुण्याला ठाऊक आहे. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर बंदी घातली. जलपतंगाच्या दोऱ्या डायनिमा नावाच्या धाग्याच्या असतात, तो नेदरलँड्समध्येच शोधला गेला. तो ताणला जात नाही, म्हणून पतंगाला हाताची आज्ञा तत्काळ पोहोचते. पण त्याही दोरीला पतंग हवेत असताना हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा नियम.

थंडीचे त्यांना हसू आले. मुळशीत कसली थंडी? मी विचारले, आवणात दिवसभर ओल्याने उभी राहिलेली तुझी आई संध्याकाळी चुलीपाशी का बसते? बावीस-तेवीस अंशांच्या पावसात, वाऱ्यात, नुसत्या बनियनवर तासभर भिजलेल्या मुलाची बोटेही गाठ सोडू शकत नाहीत. यावर दोघेही गप्प झाले. प्लॅस्टिक मी ठेवून घेतले नाही. ते त्यांनी आपण होऊन गोठ्यावर टाकले.

ज्यांना खरोखर शिकायचे आहे त्यांनी प्रथम पोहायला शिकावे, तेही कपड्यांनिशी आणि दमल्यावरही तरंगता येईल इतके. आपल्या देशात तामिळनाडूत रामेश्वरमच्या बाजूला उथळ पाणी व दोन्ही मोसमांत वाहणारा वारा असल्यामुळे तिथे हा खेळ शिकवतात. गोव्यात मोरजीलाही शिकवतात. खर्च सामान्य विद्यार्थ्याला झेपणारा नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. साधनांची किंमत खाली येईल तेव्हा येईल.

तोवर पहिला धडा मात्र मुळशीतच गिरवता येतो आणि त्याला पाणी लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की कोकणातून घाटांच्या खिंडींतून गार वारा वर येतो. पुण्याला तो संध्याकाळी पोहोचतो, आपल्याकडे आधी. तो मोसमी वाऱ्यापेक्षा मवाळ असतो. भात निघालेल्या मोकळ्या खाचरात, तारा व झाडे वाऱ्याच्या खालच्या अंगाला नाहीत असे पाहून, दोन दोऱ्यांचा दीड-दोन मीटर रुंदीचा कापडी पतंग उडवावा. शिवणयंत्र असलेल्या घरात तो शिवता येतो. दोऱ्या सुती, समान लांबीच्या, वीस मीटरपेक्षा अधिक नकोत. त्या हाताला बांधायच्या नाहीत. टोकाला लाकडाची मूठ करावी, म्हणजे सोडता येते. पाठ वाऱ्याकडे. पतंग बाराला ठेवावा, दहाला आणावा, परत बाराला न्यावा. मोठा झोत आला तर दोन्ही हात उघडावेत आणि पतंग शेजारच्या खाचरात पडू द्यावा. शेजारी ओरडला तर भूगोलाचा तास चालू आहे म्हणून सांगावे.